अळणी उन्हाळा

जिभेच्या डाव्या कडेला आलेला फोड काही केल्या बरा होईना. तपासण्या होत होत प्रकरण कॅन्सरवर गेलं, आणि मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मिसरी लावत होता का?" नाही म्हटलं की, "मग तंबाखू?" तेही नाही म्हटलं की आवाज जरा खाली आणून, "सुपारी तरी खात असाल की हो." माझं ऑपरेशन झालेलं, जिभेला टाके, बोलणं अवघड, उत्तरं आमच्या ह्यांनाच द्यावी लागायची. तिन्ही नकार ऐकल्यावर पाहुण्यांचा चेहरा उतरायचा. कारण सापडलं असतं तर त्यांना निर्धास्त घरी जाता आलं असतं ना! आमच्या भागात तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण तंबाखूच, त्यात वाद नाही. कुठल्याही कॅन्सर हॉस्पिटलच्या ओपीडीत तासभर बसा, समोरच दिसतं. पण कधीच काही न खाल्लेल्यांनाही तो होतो, आणि का झाला हे डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. मी लातूरच्या ट्यूशन एरियात मेस चालवते. नांदेड, हिंगोली, बीडकडची मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं माझ्याकडं जेवतात. जेवणाशिवाय तोंडात काय घातलं असेल तर मीठ बघायला तळहातावर घेतलेला रस्सा.

बायॉप्सी, ऑपरेशन यांबद्दल फार लिहीत नाही. ते सगळं इतक्या घाईत उरकलं की आठवायला फारसं शिल्लकच नाही. एवढंच सांगते : तोंडातला फोड, जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवून घ्यावा, मग तुम्ही तंबाखू खात असा की नसा. माझ्या जिभेची कड काढली, मानेतल्या गाठी काढल्या. त्या गाठींचा रिपोर्ट आला आणि सांगण्यात आलं, शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागेल आणि सोबत दर आठवड्याला केमोची एक सलाईन. शेक बार्शीला घ्यायचा असं ठरलं.

लातूरहून बार्शी शंभरेक किलोमीटर. मुरूड, येडशी करत एसटी जाते. जिल्हा सोलापूर असला तरी गाव आमच्या अंगाला लागून. धाराशिव, बीड, लातूरची दुखणी वर्षानुवर्षं तिकडंच जातात. या मुलखाचं नाव कॅन्सरच्या अभ्यासात जगभर घेतलं जातं, हे मला तिथं रांगेत बसल्या बसल्या मोबाईलवर वाचताना कळलं. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या खेड्यांची कॅन्सर नोंदणी १९८७ पासून होते. ग्रामीण भागासाठीची देशातली ती पहिली नोंदणी. दवाखान्यात येईल त्याचंच नाव लिहायचं, असं त्यांनी केलं नाही. त्यांची माणसं गावोगाव जायची, लोकांना लक्षणं समजावून सांगायची, असं कुणाला आहे का म्हणून विचारायची. पुढं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी तपासणी झाली. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, एवढा त्या अभ्यासाचा पसारा. ज्या गटाला हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी देऊ केली, आणि तीही आयुष्यात एकदाच, त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली तो निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. मला त्यात आकड्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. जे दुखणं बाई नवऱ्यालाही सांगत नाही, त्याची तपासणी करून घ्यायला खेड्यापाड्यांतल्या बायका हजारोंनी आल्या. कुणीतरी गावात येऊन त्यांना विचारलं होतं.

सोबत कोण जाणार हा प्रश्न होता. ह्यांना मेस सोडून चालणार नव्हतं, परीक्षा मे महिन्यात, पोरं ऐन भरात. मुलगा पुण्याला नोकरीत. तेव्हा गावाकडून थोरल्या जाऊबाई आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. आमचं दोघींचं तसं कधी फार पटलं नाही, हे इथं लिहायला हरकत नाही, त्याही हेच सांगतील. माझा स्वयंपाक त्यांना अळणी लागतो आणि त्यांचा मला खारट. लग्न झाल्यापासूनचं हे भांडण. पण त्या आल्या. एका पिशवीत लुगडी आणि दुसऱ्या पिशवीत ज्वारीचं पीठ, मूगडाळ, गूळ घेऊन आल्या. हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली घेतली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद आरोग्यमित्राकडं देणं, शिक्के, झेरॉक्स, हे सगळं त्यांनीच केलं. शिक्षण सातवी. खिडकीवरच्या माणसाशी बोलताना मात्र त्यांचं काही अडत नाही.

शेक सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. शेकानंतर जबड्याच्या हाडाला रक्त कमी पोचतं. मग दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणून किडके, हलणारे दात आधीच काढून जखम भरायला दोनेक आठवडे देतात. माझ्या दोन दाढा गेल्या. त्यानंतर मुखवटा. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात बुडवली की मऊ पडते. ती कपाळापासून खांद्यापर्यंत ताणून बसवतात, नाकाभोवती, हनुवटीखाली बोटांनी दाबतात, आणि काही मिनिटांत ती आपल्या चेहऱ्याच्या आकारात घट्ट होते. रोज शेक घेताना हाच मुखवटा चढवून टेबलाला खटक्यांनी बसवायचा, म्हणजे मान तसूभरही हलत नाही. खुणा त्याच्यावरच केलेल्या असतात. मशीनच्या खोलीबाहेर रॅकवर सगळ्यांचे मुखवटे ओळीनं ठेवलेले, प्रत्येकावर नावाची पट्टी. पहिल्या दिवशी तिकडं बघवलं नाही. नंतर नंतर मी त्यावरून अंदाज बांधायला लागले, कुणाचं संपलं, कोण नवीन आलं.

मंगळसूत्र काढून ठेवायला सांगितलं. मुखवट्यात बसत नाही, आणि शेकलेल्या कातडीला घासतं. अक्कांनी ते कनवटीला बांधलं आणि कुणाला न विचारता माझ्या हातात चार हिरव्या बांगड्या जास्तीच्या भरल्या. तेवढ्यावर विषय संपला.

शेक घेताना दुखत नाही. दोन-चार मिनिटं मशीन भोवती फिरतं, घूं घूं आवाज येतो, आत कॅमेरा असतो, काही झालं तर हात वर करायचा. सोमवार ते शुक्रवार रोज थोडा थोडा डोस, शनिवार-रविवार सुट्टी. ग्रे हे शेकाचं माप. ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे द्यायचे असतात, ते रोज २ ग्रे करत सहा आठवड्यांत वाटून देतात. थोडं थोडं अशासाठी, की चांगल्या पेशींना मधल्या वेळात सावरता यावं. सुरुवातीला मला काहीच झालं नाही. शुक्रवारी एसटीनं लातूरला यायचं, माझं कर्करुग्णाचं सवलतीचं तिकीट, अक्कांचं बायकांचं अर्धं. सोमवारी पहाटे परत. पोरं म्हणायची, "काकू, तुम्हाला काहीच झालं नाही, केस पण तसेच!" कॅन्सर म्हटलं की लोकांना टक्कल दिसलं पाहिजे, सिरियलींनी ती सवय लावलीय. माझ्या केमोत सिस्प्लॅटिन नावाचं औषध होतं, त्यानं सहसा सगळे केस जात नाहीत. मानेवरचे मात्र गेले, शेकाच्या वाटेत येत होते ते. अंबाड्याखाली झाकलेले असायचे, कुणाला दिसले नाहीत.

मग एका शनिवारी लातूरला मेसच्या स्वयंपाकघरात उभी होते. फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा उकळत होता, काळा मसाला पडलेला, वास घमघमत होता. सवयीनं तळहातावर रस्सा घेऊन जिभेला लावला, आणि काहीच नाही. गरम आहे एवढं कळलं. मीठ नाही, तिखट नाही, तेलाचा बुळबुळीतपणा तेवढा. मला वाटलं मीठ राहिलं. पोळ्या लाटणाऱ्या बाईंना चाखायला दिलं. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय की." मी फोडणीचं तेल चाखून बघितलं, ठेचा बोटावर घेतला. ठेच्यानं आग झाली, पण ती नुसती आग. मिरचीची चव तिच्यात नव्हती. तीस वर्षं ज्या जिभेच्या भरवशावर धंदा केला तिनं हात टेकले होते.

चव ओळखणाऱ्या पेशी दहाएक दिवसांत झडतात आणि नव्या येतात. शेक अशाच भराभर बदलणाऱ्या पेशींना आधी गाठतो, म्हणून जुन्या जातात आणि नव्या वेळेवर येत नाहीत. तोंडाच्या आतलं अस्तरही असंच सारखं बदलणारं, म्हणून तोंड येतं. लाळेच्या ग्रंथींचं जरा वेगळं आहे. त्या थोड्या शेकानंही बिचकतात. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. हे वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. ती आटली तेव्हा पटलं. लाळ नसेल तर भाकरीचा घास तोंडात फिरतच राहतो, ओला होत नाही, खाली जात नाही. जी उरते ती चिकट, दोऱ्या निघणारी. थुंकताही येत नाही आणि गिळताही. गोड कडू लागायला लागलं. दूध खडूचं पाणी. भात तोंडात घेतला की भिजलेला पुठ्ठा चघळल्यागत व्हायचं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जिभेवर, गालाच्या आत जखमा झाल्या. घोटभर पाणी गिळायचं म्हटलं तरी कानापर्यंत कळ जायची. लातूरला जाणं बंद झालं.

आमच्याकडं सोसण्याला फार मान आहे. किल्लारीचा १९९३चा भूकंप आम्ही सोसला, २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तोवरचा दुष्काळ सोसला, हे आम्ही छाती काढून सांगतो. ते सांगावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हीच सवय घेऊन माणसं डॉक्टरसमोर बसतात. आमच्या रांगेत भूमकडचे एक शेतकरी होते, साठीचे असतील, पांढरं धोतर, टोपी कायम मांडीवर. आठवड्याची तपासणी असायची तेव्हा डॉक्टर विचारायचे, "काय त्रास?" ते म्हणायचे, "बरंय सायेब." बाहेर येऊन खांबाला टेकायचे आणि डोळे मिटून बसायचे. त्यांची बायको काही बोलायला गेली की हातानं गप्प करायचे. वजनकाटा मात्र ऐकत नाही. दर सोमवारी त्यांचं वजन उतरलेलं. शेवटी मुखवटा चेहऱ्यावर सैल व्हायला लागला; म्हणजे शेक नेमका जागेवर पडेल याचा भरवसा गेला. मग नवा मुखवटा, नवं प्लॅनिंग, दरम्यान पाणीही गिळेना म्हणून ॲडमिट, सलाईन, नाकातून नळी. या सगळ्यात त्यांचा शेक आठवड्याहून जास्त थांबला. आणि तोंडा-गळ्याच्या कॅन्सरात हा थांबा महागात पडतो. पहिले काही आठवडे शेक मिळाला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी उलट जास्त वेगानं वाढायला लागतात; मध्ये खंड पडला की त्यांना मोकळं रान. डॉक्टरांनी हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं तेव्हा ते बायकोकडं बघून म्हणाले, "मला वाटलं, रडका म्हणतील."

आमच्याकडं ही अडचण आली नाही याचं सगळं श्रेय अक्कांना. भीड हा प्रकार त्यांना माहीत नाही. त्यांनी खोलीतल्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. 'सकाळी कण्याची पेज ८ चमचे. ११ला उलटी. दुपारी कढण वाटीभर, रडली. रात्री झोप नाही. परसाकडं ४ दिस नाही.' हे पान त्या घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवायच्या आणि डॉक्टरांसमोर टेबलावर पसरायच्या. "परसाकडं चार दिस नाही" हे पुरुष डॉक्टरसमोर मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा मला धरणी दुभंगावी असं झालं. डॉक्टरांनी मान वर केली नाही, औषध लिहिलं. उलटी थांबवणाऱ्या ऑन्डॅन्सेट्रॉनच्या गोळीनं पोट बांधतं, वरून पाणी कमी, हे त्यांना रोजचंच. त्या पानावरून त्यांनी एकेक गोष्ट बदलत नेली. उलटीची गोळी उलटी झाल्यावर घेत होते, ती सलाईनच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस वेळ लावून आधीच घ्यायला सांगितली. कानात शिट्टी वाजते असं अक्कांनीच लिहिलं होतं, 'कानात रातकिडा म्हणते'. सिस्प्लॅटिन कानाला आणि मूत्रपिंडाला लागतं. लगेच कानाची तपासणी झाली, पुढच्या सलाईनआधी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन पुन्हा बघितलं, पाणी किती जातंय याचा हिशेब मागितला. मी एकटी असते तर रातकिड्याचं कुणाला सांगितलं नसतं. रातकिडा काय, तो तर रात्री असतोच.

तोंडासाठीचं मुख्य औषध इतकं साधं की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. दर दोन-तीन तासांनी गुळणी, रात्री जाग आली तरी. बाजारातला झोंबणारा माऊथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलनं जखमा आणखी चिडतात. जेवायच्या आधी जीभ बधिर करणारं औषध तोंडात धरायचं, पाच-दहा मिनिटांनी जीभ बधिर असते तेवढ्या वेळात पेज उरकून घ्यायची. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला, तो बुरशीचा निघाला, त्याच्या गोळ्या वेगळ्या. मान काळवंडली, सोलली; तिला साबण नाही, पावडर नाही, आणि अक्कांचा जीव तुटत असला तरी हळदीचा लेप नाही. बार्शीच्या उन्हात मऊ सुती पदर मानेवरून घेऊन चालायचं.

दुखणं वाढलं तेव्हा मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. हे नाव गावाकडं कळलं आणि दिरांचा फोन आला, आवाज बसलेला. त्यांना वाटलं डॉक्टरांनी आशा सोडली. आमच्याकडं मॉर्फिन म्हणजे शेवट, असंच ठाऊक. तोंडाच्या जखमा भरेपर्यंत गिळता यावं म्हणून ती देतात, जखमा भरल्या की हळूहळू कमी करून बंद होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर सवय लागायची भीती फारशी नसते, हे अक्कांनी त्यांना फोनवर तिथल्या तिथं सुनावलं. मी त्या गोळीवर गिळू शकत होते म्हणून नळी टळली. ज्यांना नळी लागली त्यांनी ती लावून घेतली म्हणजे हरले असं मात्र मुळीच नाही. आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका मुलीनं आईला नळीतून गाळलेलं वरण, दूध, अंडं घालून सिरिंजनं भरवलं, दर वेळी आईला बसतं करून, शेवटी पाणी सोडून नळी धुऊन. त्या माउलीचं वजन माझ्यापेक्षा चांगलं राहिलं.

सल्ले देणाऱ्यांचं काय करायचं, यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. गोमूत्र झालं, गव्हांकुर झाले, लक्ष्मणफळाचा पाला झाला. एकानं सांगितलं साखर पूर्ण तोडा, कॅन्सर साखरेवर जगतो. ज्या बाईला दिवसाला वाटीभर पेज जाते तिची साखर तोडून तिला कशावर जगवायचं, हे त्यानं सांगितलं नाही. डाएटिशियन बाई नेमकं उलट सांगत होत्या : वजन सांभाळा, पेजेत तूप घाला, कढणात शेंगदाण्याचा कूट वस्त्रगाळ करून घाला, अंडं फेटून दुधात शिजवा, मधुमेह नाही तर गूळ घाला. आणि 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणारे तर दिवसाला चार. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण घशात जखमा असलेल्या माणसानं पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे नक्की काय करायचं? मला त्या दिवसांत सगळ्यात बरं वाटलं ते मेसमधल्या एका पोराच्या मेसेजनं. त्यानं लिहिलं होतं, 'काकू, काका वरणात पाणी फार घालतात, लवकर या.' वरणातलं पाणी मला बरोबर कळत होतं, ते किती घालत असतील तेही.

शेक संपला त्या दिवशी ह्यांनी पेढे आणले होते. ते मशीनवरच्या लोकांना वाटले. मला वाटलं, आता उतार. कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी त्या गुंगीत ऐकलं नसेल, की शेक थांबला तरी त्याचं काम लगेच थांबत नाही. पुढचे दहा-पंधरा दिवस सगळ्यात वाईट गेले. लातूर ४० अंशांच्या वर तापलेलं, नीटची परीक्षा होऊन पोरं गावी गेलेली, मेस रिकामी, आणि मी कूलरसमोर बसून तोंडात पाण्याचा घोट धरून. पेढे खाऊन गेलेले पाहुणे आता "अजून बरं नाही?" असं विचारायला लागले. त्यांचं चुकत नाही, उपचार संपले म्हणजे दुखणं संपलं असं कुणालाही वाटेल. थकवा तर असा, की दुपारी वेणी घालायला हात वर केले तर अर्ध्यात खाली यायचे. त्यात मानेच्या ऑपरेशननं डावा खांदा आखडलेला.

त्याच दिवसांत आईस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम सुरू झाला. शेकानं जबड्याचे स्नायू आखडतात, तोंड उघडेनासं होतं. साधारणपणे माणसाची तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. माझं दीड बोटावर आलं होतं. काड्या एकावर एक ठेवून त्यांची चळत दातांमध्ये घालायची, थोडा वेळ धरायची, जमलं की मध्ये आणखी एक काडी सरकवायची. दिवसातून पाच-सहा वेळा, न कंटाळता. ह्यांनी स्टेशनरीच्या दुकानातून काड्यांचं पाकीट आणलं. दुकानदारानं विचारलं, नातवाचं प्रोजेक्ट का? आठवड्याला एखादी काडी वाढायची, कधी तीही नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. दिवाळीपर्यंत अडीच बोटांवर आले, तिथंच आहे. सफरचंद कापून खावं लागतं, चालतंय.

चव आली ती तुकड्यातुकड्यांनी. आधी आंबट कळायला लागलं. मग मीठ, पण भलतंच, कधी कमी कधी फार. येळवसेला, आमच्याकडच्या वेळा अमावास्येच्या सणाला, गावाकडं गेलो होतो. शेतात ज्वारीच्या ताटांची खोप, पूजा झाली, भज्जी, उंडे, खीर वाढली. मी पहिल्यांदा आंबिल घेतलं. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, एवढंच, पण तीनही वेगवेगळं कळलं. भज्जीतला आंबट चुका कळला, मग हिरव्या मिरचीनं जीभ पोळली आणि मी ताट बाजूला केलं. जवळच बसलेले पुतणे म्हणाले, "काकू, दुखूलालंय का?" दुखत होतं. सांगितलं दुखतंय म्हणून. त्यांनी दह्याची वाटी पुढं केली.

तिखट अजून परत आलेलं नाही, येईल असं वाटतही नाही. पाण्याची बाटली खांद्याला कायम, लाळ पूर्ण भरून आलेली नाही. दातांना फ्लोराइडची पेस्ट जन्माची. मानेवर शेक पडला की थायरॉईड मंदावू शकतं, म्हणून टीएसएचची तपासणी ठरावीक महिन्यांनी. तपासणीला बार्शीला जाते तेव्हा रांगेत बसलेल्यांना मी आता आगाऊपणे विचारते. कसं आहे म्हणून विचारत नाही, त्याचं उत्तर 'बरंय' असंच येतं. काल किती चमचे गेले, परसाकडं कधी झालं, रात्री कितीदा उठलात, असं विचारते. लोक आधी दचकतात. मग बायको बोलायला लागते, आणि एकदा ती बोलायला लागली की थांबत नाही. मी तिला सांगते, हे सगळं लिहून काढ आणि आत टेबलावर ठेव.

मेस जूनपासून पुन्हा जोरात आहे. साठ-पासष्ट पोरं आहेत. रश्श्याचं मीठ मला अजून नीट कळत नाही, म्हणून अक्का बार्शीचं संपल्यावरही इथंच राहिल्यात. गावाकडं सुना बघतात आता. तळहातावर रस्सा घेऊन त्या चाखतात आणि "बरोबर हाय" म्हणतात. पोरं म्हणतात, "काकू, भाजी खारट होते हो हल्ली." मी अक्कांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझी जीभ गेलीय, तुला काय कळतंय?" मी म्हटलं, पोरांची तर नाही ना गेली. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्धा चमचा कमी टाकला आणि पातेल्यावर झाकण आपटलं.